बोटीचे टेंडर

आमच्या धरणगावला समुद्र नाही. उत्तरेला तापी आहे, पूर्वेला गिरणा आहे. पण उन्हाळ्यात त्या दोघींनाही पाण्याची आठवण करून द्यावी लागते. १८९० साली बालकवी ठोमरे इथे जन्मले आणि पुढे त्यांनी निर्झरावर कविता लिहिली. आमच्या गावचे जलवाङ्मय म्हणायचे ते एवढेच.

तरीसुद्धा धरणगाव आणि जहाज यांचा संबंध पार जुना आहे. एके काळी इथल्या कापडाला चांगले नाव होते. हे कापड बैलगाड्यांवरून सुरतेला जायचे आणि सुवाळीच्या बंदरात जहाजावर चढायचे. त्या लोभाने १६७४ साली इंग्रजांनी आमच्या गावात वखार घातली. पुढच्याच वर्षी मराठ्यांची फौज आली आणि गाव लुटून गेली. वखारीतल्या इंग्रज कारकुनाने त्या दिवशी हिशेबाच्या वहीत काय लिहिले असेल, याचा मी एक बँक कारकून या नात्याने पुष्कळ विचार केला आहे. 'किरकोळ तूट' असे काहीतरी लिहिले असावे.

थोडक्यात, गावचे कापड जहाजावर चढले, गावची माणसे मात्र काठावरच राहिली. साडेतीनशे वर्षांची ही परंपरा मोडायचे आमच्या पुतणीने मनावर घेतले.

ती पुण्याला कॉम्प्युटरच्या कंपनीत असते. मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ एकदा पाण्याखाली जाऊन आली आणि तेव्हापासून तिचे जमिनीवर लक्ष नाही. आता तिला मैत्रिणींबरोबर मालदीवला जायचे होते. तेही हॉटेलात उतरायला नव्हे, तर आठवडाभर बोटीवरच राहायला. तीन बोटींची दरपत्रके तिने माझ्यापुढे टाकली आणि म्हणाली, "काका, तुम्ही लोकांची कर्जप्रकरणं तपासता ना? मग ही पण तपासा."

दरपत्रकातला आकडा आमच्या मातोश्रींनी ऐकला मात्र, त्या ताडकन म्हणाल्या, "माय वं! पानीमा बुडाले इतला पैसा लागस का?"

प्रश्न अर्थशास्त्राचा होता. मी बी.कॉम. असल्यामुळे त्याचे उत्तर मला येत नव्हते. पण बँकेत एक शिस्त असते. प्रकरण कळत नसले की आधी त्याचा इतिहास मागवायचा. मी तो मागवला. आता तो तुम्हालाही ऐकावा लागेल.

पाठीवर हवेची टाकी बांधून माशासारखे हिंडायची ही विद्या १९४३ सालची. फ्रान्समध्ये तेव्हा युद्धामुळे पेट्रोलची टंचाई होती आणि मोटारी गॅसवर चालवायची खटपट सुरू होती. त्यासाठी एमिल गान्यान नावाच्या इंजिनिअरने एक झडप केली होती. आरमारातले अधिकारी झाक कूस्तो यांनी ती पाहिली आणि दोघांनी मिळून तीच झडप माणसाच्या तोंडाला बसवली. श्वास घेतला की लागेल तेवढीच हवा येते, घेतला नाही की बंद. टाकीत शुद्ध प्राणवायू असतो असा गावात समज आहे. तसे काही नाही. तुमच्या-आमच्या अंगणातली साधी हवाच दाबून भरलेली असते. मातोश्रींना मी हे मुद्दाम सांगितले नाही. पाण्याचे पैसे त्यांनी कसेबसे सोसले होते, हवेचे सोसले नसते.

हवेची सोय झाली, तरी जागेची अडचण उरलीच. प्रवाळ किनाऱ्याला चिकटून थोडेच बसते! आपल्याकडचेच पाहा. विजयदुर्गच्या पश्चिमेला सुमारे शंभर किलोमीटरवर भर समुद्रात 'आंग्रिया बँक' आहे. कान्होजी आंग्र्यांच्या नावाची, प्रवाळांनी भरलेली ही पाण्याखालची उंच जागा. बँक म्हणून माझे कान टवकारले होते, पण तिथे ठेवी फक्त माशांच्या आहेत. अशा ठिकाणी सकाळी निघून बुडी मारायची आणि संध्याकाळी घरी यायचे म्हटले तर सारा दिवस जाण्यायेण्यातच संपणार. त्यापेक्षा बोटीवरच मुक्काम ठोकला तर दिवसाला तीन-चार बुड्या होतात. लग्नघरी रोज जाऊन-येऊन करण्यापेक्षा बिछाना घेऊन तिथेच राहावे, तसा हा प्रकार.

असे बिऱ्हाड पाण्यावर थाटणाऱ्यांत सर्वांत नावाजले ते हेच कूस्तो. त्यांची 'कॅलिप्सो' ही अमेरिकेत १९४२ साली बांधलेली लाकडी सुरुंगकाढू बोट. युद्ध संपल्यावर ती माल्टाजवळ उतारू वाहत होती. १९५० साली गिनेस घराण्यातल्या एका धनिकाने ती विकत घेतली आणि कूस्तोंना भाड्याने दिली. भाडे किती? वर्षाला एक फ्रँक! माझ्या नोकरीत मी शेकडो भाडेपट्टे वाचले, पण असा घरमालक पाहिला नाही. त्या बोटीवर १९५१ साली ते तांबड्या समुद्रात गेले. त्यांच्या समुद्राखालच्या चित्रपटाने १९५६ साली कान महोत्सवातले सर्वोच्च पारितोषिक पटकावले आणि जगभरच्या सुखवस्तू माणसांना बुडण्याची हौस लागली. 'कॅलिप्सो'वर थाट असा नव्हताच. नाळेशी पाण्याखाली खिडक्यांची एक कोठडी होती, हाच काय तो विलास. थाट आला तो मागून, गिऱ्हाइकाबरोबर.

आणि आता तर काय थाट! पहिल्या दरपत्रकात गच्चीवर गरम पाण्याचा हौद होता. भोवती चहूकडे समुद्र असताना त्याच्या मधोमध हौद बांधून त्यात बसायचे, ही कल्पना ज्याला सुचली त्याला बँकेत घ्यायला हवे. दुसऱ्यात मालिश होते, सात देशांचे जेवण होते, उशीवर फुले होती. तिसऱ्यात खोल्या वातानुकूलित होत्या, पण वर्णन थोडे आणि यंत्रांचे फोटो जास्त. पुतणीचा ओढा अर्थातच हौदाकडे होता.

मी माझ्या सवयीने तुलनात्मक तक्ता करायला बसलो. तक्त्याला रकाने कोणते पाडायचे, हा प्रश्न आला. आणि इथे इतिहासाने माझी थट्टा करायची सोडून दिली.

आपल्या मुलखात बोट निवडायची पद्धत काय होती? कोकणची माणसे आगबोटीने जायची तेव्हा निवड होती ती सतरंजी कुठल्या डेकवर पसरायची एवढीच. बोटींची नावे संतांची असत. माणूस नावावर विश्वास ठेवून चढे. ११ नोव्हेंबर १९२७ रोजी 'जयंती' आणि 'तुकाराम' या दोन बोटी एकाच दिवशी वादळात बुडाल्या. पुढे १७ जुलै १९४७ रोजी, स्वातंत्र्याला महिना उरला असताना, आषाढी अमावस्येच्या सकाळी 'रामदास' बोट भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघाली. पावसाळी समुद्र होता, सणाला घरी जाणारी माणसे होती. काशाच्या खडकाजवळ मोठ्या लाटेने बोट कलली, माणसे घाबरून एका बाजूला धावली आणि बोट उलटली. सहाशेहून अधिक माणसे गेली. बोटीवर बिनतारी यंत्र नव्हते. मुंबई अवघी दहा मैलांवर, पण तिला काही तास पत्ताच नाही. जे पोहून किंवा वाहत किनाऱ्याला लागले, त्यांच्याच तोंडून बातमी कळली. तिकीट काढताना 'बोटीवर बिनतारी यंत्र आहे का हो?' असे कोण विचारणार? तशी रीतच नव्हती.

वाटले, हे झाले जुने. म्हणून नवे पाहिले. अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळ २ सप्टेंबर २०१९ च्या पहाटे 'कन्सेप्शन' ही बुड्या मारणाऱ्यांची मुक्कामी बोट नांगरावर असताना पेटली. प्रवासी तळमजल्यावर झोपले होते. तळमजल्यावरून वर यायला जिना होता आणि संकटकाळची दुसरी वाटही होती. पण दोन्ही वाटा वरच्या एकाच दालनात निघत होत्या आणि पेटले होते नेमके ते दालन. चौतीस माणसे गेली. वरच्या मजल्यावर झोपलेले पाच कर्मचारी तेवढे वाचले. आग कशाने लागली हे शेवटपर्यंत नक्की ठरले नाही, पण ती इतकी वाढेपर्यंत कोणाला कळली का नाही, हे ठरले. रात्री बोटीवर फेरी मारून पाहारा ठेवायचा नियम होता. त्या रात्री सगळेच झोपले होते. कप्तानाला पुढे न्यायालयाने दोषी ठरवले आणि २०२४ साली चार वर्षांची शिक्षा दिली. गंमत पाहा (गंमत कसली म्हणा!), या बोटीची सरकारी तपासणी झालेली होती. कागदपत्रे पूर्ण होती. 'कागदपत्रे पूर्ण' या शब्दांवर आमची सबंध नोकरी उभी असते. ते वाचून मला त्या रात्री झोप आली नाही.

मातोश्रींना मी हे सांगितले. त्या थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "आपला खळावर बी रातले मानूस ऱ्हास. बोटवर राखन्या शे का, ते इचार पहिले."

रकान्यांचा प्रश्न सुटला. मी हौद, मालिश आणि फुले खोडली आणि तिन्ही बोटवाल्यांना पुतणीकडून सहा प्रश्न पाठवले. एक : रात्री जागे कोण असते, किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत? दोन : खालच्या खोल्यांची संकटकाळची वाट नेमकी कुठे निघते? तीन : टाक्या भरायचा काँप्रेसर हवा कुठून ओढतो? (इंजिनाच्या धुराजवळून ओढत असेल तर धूर टाकीत आणि टाकीतून पोटात.) चार : मोबाईल, कॅमेरे, दिवे यांच्या बॅटऱ्या चार्जिंगला कुठे लावायच्या, आणि तिथे लक्ष कोणाचे? पाच : प्राणवायूचा साठा किती, बिनतारी यंत्र कोणते, आणि दाबाच्या आजारावर उपचार करायची कोठडी जवळात जवळ कुठे? सहा : शेवटची बुडी आणि परतीचे विमान यांत किती तास ठेवता? शरीरात मुरलेला नायट्रोजन बाहेर पडायला वेळ लागतो. रोज बुड्या मारणाऱ्याने निदान अठरा तास विमानात बसू नये, असे जाणकार सांगतात.

पुतणी कुरकुरली. "काका, आम्ही सुट्टीला चाललोय, तुम्ही ऑडिट काढलंत!"

"ऑडिट झालं की सुट्टी निवांत जाते," मी म्हणालो. हे बँकेत कधीच खरे ठरलेले नाही, पण वाक्य चांगले आहे.

उत्तरे आली. हौदवाल्याने लिहिले, 'आमचा कर्मचारीवर्ग चोवीस तास आपल्या सेवेस तत्पर आहे.' हे वाक्य आमच्याही शाखेत पाटीवर रंगवलेले आहे, त्यामुळे त्याचा अर्थ मला चांगला ठाऊक होता. फुलेवाल्याने प्रश्न बाजूला ठेवून पाच टक्के सूट दिली. अर्जदार तारणाबद्दल विचारताच पेढे पुढे करतो, तेव्हा आम्ही काय समजतो ते इथे सांगत नाही.

तिसऱ्याने बोटीचा नकाशा पाठवला. त्यात दोन्ही वाटा लाल रेघेने दाखवल्या होत्या आणि दोन वेगवेगळ्या ठिकाणी निघत होत्या. रात्रपाळीचा तक्ता होता. बॅटऱ्या उघड्या डेकवर, पाहारेकऱ्याच्या नजरेसमोर. काँप्रेसर आणि टाक्या मुख्य बोटीवर नव्हत्याच; सोबत चालणाऱ्या वेगळ्या 'धोणी'वर होत्या. मालदीवला ही पद्धतच आहे. आपल्या डोणीची ती सख्खी मावसबहीण दिसते. शेवटची बुडी आदल्या दिवशी सकाळी. दर मधला. हौद नाही.

पुतणी एक दिवस रुसली, मग तिने तिसऱ्या बोटीचे पैसे भरले. निघताना मातोश्रींनी तिला कळण्याचे पीठ दिले, कारण सात देशांच्या जेवणात ते नव्हते.

चौथ्या दिवशी पहाटे माझ्या मोबाईलवर तिचा संदेश आला. 'काका, तीन वाजता जाग आली म्हणून वर आले. एक म्हातारे खलाशी टॉर्च घेऊन फेरी मारत होते. मला म्हणाले, झोप पोरी, मी जागा आहे.'

मी तो मातोश्रींना वाचून दाखवला. त्या काही बोलल्या नाहीत. कूस बदलली आणि घोरायला लागल्या. मीही सहापर्यंत झोपलो.