मुंबईचा जॅझ आणि बार्शीटाकळीचे गिऱ्हाईक

मुंबईतल्या जॅझच्या हॉटेलांचा आणि आमच्या बार्शीटाकळीचा संबंध काय, असं कुणीही विचारील. हेमाडपंती देवळासाठी ओळखलं जाणारं, अकोल्यापासून वीसेक किलोमीटरवरचं हे गाव. जॅझ हा शब्दही इथं फारसा कुणाच्या तोंडी नसायचा. तरीही संबंध आहे, आणि तो चांगला जवळचा आहे.

मुंबईत ताजमहाल हॉटेल सुरू झालं १९०३ मध्ये. तिथं १९३५ साली लिऑन ॲबी हा अमेरिकन कृष्णवर्णी व्हायोलिनवादक आपला वाद्यवृंद घेऊन आला. त्याच्यामागून क्रिकेट स्मिथ हा ट्रंपेटवादक आणि टेडी वेदरफोर्ड हा पियानोवादकही ताजमध्ये वाजवू लागले. त्या काळी अमेरिकेतल्या कित्येक हॉटेलांत कृष्णवर्णी माणसानं मंचावर वाजवलेलं चालायचं. पण त्यानं गिऱ्हाईक म्हणून टेबलाशी बसलेलं चालत नसे.

ताजचं गिऱ्हाईक म्हणजे इंग्रज अंमलदार, संस्थानिक, पारशी आणि इतर धनिक मंडळी. रात्रीच्या जेवणाला खास पोशाख लागे. जॅझ तेव्हा डोळे मिटून ऐकायची चीज नव्हती, नाचायची होती. गिऱ्हाइकाचे पाय ज्या ठेक्यावर उठतील तो ठेका वादकानं धरायचा. फॉक्सट्रॉट नावाचा नाच तेव्हा जोरात होता. दाराबाहेरच्या माणसाला यातलं काही ऐकू येण्याची सोय नव्हती.

हे संगीत पुढे नेलं ते गोव्याच्या वादकांनी. पोर्तुगीज अमदानीत गोव्यातल्या चर्चच्या शाळांत मुलांना स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकवत. ती विद्या घेऊन अनेक तरुण पोटासाठी मुंबईला आले. त्यांतलाच हळदोण्याचा आंतोनियो झेवियर वाझ. ट्रंपेट अशी वाजवी, की लोक त्याला भारताचा लुई आर्मस्ट्राँग म्हणत. मुंबईनं त्याला ओळखलं ते 'चिक चॉकलेट' या नावानं.

पुढे स्वातंत्र्य आलं. इंग्रज गिऱ्हाईक बोटीनं परत गेलं, संस्थानं विलीन झाली. १९४९ च्या कायद्यानं मुंबई राज्यात दारूबंदी आली. आता ही हॉटेलं बसणार, असं वाटण्याजोगी स्थिती होती. पण चर्चगेट स्ट्रीटवर, म्हणजे आजच्या वीर नरिमन रस्त्यावर, पन्नास-साठच्या दशकांत रेस्टॉरंटांमधून बँड वाजतच राहिले. गिऱ्हाईक मात्र बदललं. ज्याला चहा-कॉफीचे पैसे परवडत, अशा शहरी तरुणालाही आता आत बसून हे संगीत ऐकता येऊ लागलं.

पण माझ्या मते जॅझला त्याचं सर्वांत मोठं गिऱ्हाईक मिळालं ते हॉटेलात नव्हे. रात्री हॉटेलात वाजवणारे हे गोवेकर वादक दिवसा सिनेमाच्या स्टुडिओत जात. संगीतकार चाल गुणगुणे, आणि ते ती स्वरलिपीत उतरवून कुठल्या वाद्यानं काय वाजवायचं ते मांडून देत. पुणतांब्याच्या सी. रामचंद्रांनी चिक चॉकलेटला असंच जवळ केलं. १९५१ साली 'अलबेला' आला. निर्माते, दिग्दर्शक आणि नायक भगवानदादा. त्यांचा जन्म आमच्या वऱ्हाडातल्या अमरावतीचा. चिक चॉकलेट आपल्या वाद्यवृंदासह त्यात पडद्यावरही दिसतो.

गंमत बघा, तेव्हा वऱ्हाड मुंबई राज्यात नव्हताच, मध्य प्रदेशात होता. तो मुंबई राज्यात आला १ नोव्हेंबर १९५६ ला. राज्याच्या सीमा हलण्याआधी ठेका सीमा ओलांडून आला होता! त्यात १९५२ पासून केसकर मंत्री असताना आकाशवाणीवर सिनेगीतांना कात्री लागली. लोकांनी रेडिओ सिलोनचा काटा धरला. १९५७ मध्ये विविध भारती सुरू झाली, तेव्हा आकाशवाणीनंही ही गाणी पुन्हा जवळ केली.

माझ्या लहानपणी 'अलबेला'ची गाणी लग्नाच्या वरातीत बँडवाले वाजवत आणि भगवानदादांसारखे हात हलवत सारं गाव नाचे. पुढे मी एकदा गावातल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांना जुन्या जॅझची ध्वनिफीत ऐकवली. जॅझ म्हणजे काय हे त्यांना सांगायच्या आतच ते म्हणाले, "कायचं विलायती बाप्पा, हे तं आपल्या वरातीतलंच हाय!" स्वर वेगळे होते, पण ठेका त्यांनी अचूक पकडला. ताजच्या नाचघरातलं गिऱ्हाईक यापेक्षा जास्त काय करत होतं?

फरक एकच होता. ताजमधल्या गिऱ्हाइकाला समोरचा वादक दिसत होता. वरातीत नाचणाऱ्याला त्याचं नावही ठाऊक नव्हतं. गाण्याला संगीतकाराचं, गायकाचं नाव लागे; स्वरलिपी मांडणारा आणि ट्रंपेट फुंकणारा बहुधा अनामच राहायचा. टेडी वेदरफोर्ड १९४५ साली कलकत्त्यात वारला, चिक चॉकलेट १९६७ साली गेला. २०१२ मध्ये नरेश फर्नांडिस यांच्या 'ताजमहाल फॉक्सट्रॉट' या इंग्रजी पुस्तकानं यातल्या अनेक वादकांना त्यांची नावं परत दिली.

हॉटेलातल्या गिऱ्हाइकानं आपलं बिल त्याच रात्री चुकतं केलं. आपण मात्र साठ-सत्तर वर्षं त्या ठेक्यावर फुकट नाचलो. निदान त्या वादकांची नावं घेऊन थोडं देणं फेडावं, एवढंच.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)