पुंगळीचा टाक : काडतुसापासून लेखणीपर्यंत

मंडळी, आजचा विषय आकाराने करंगळीएवढा आहे. बंदुकीतून गोळी सुटली की मागे पितळेची एक रिकामी नळी उरते. तिला आपण पुंगळी म्हणतो. या पुंगळ्यांपासून हाताने बनवलेल्या पेन्सिली, टाक आणि पेनं यांचा इतिहास आज पाहायचा आहे. या वस्तू पाहिल्या की साधारण एकच वाक्य ऐकू येतं : 'बघा, संहाराच्या साधनाची लेखणी झाली!' वाक्य छान आहे, टाळ्याही मिळतात. पण इतिहासाच्या विद्यार्थ्याने तिथे थांबून चालत नाही. ही लेखणी कोणी केली? कोणासाठी केली? धातू कुणाचा होता? हे विचारलं की एकसारख्या दिसणाऱ्या चार पेनांच्या चार वेगळ्या गोष्टी निघतात. आजचं आमचं म्हणणं एवढंच आहे.

सुरुवात शब्दापासून करू. 'काडतूस' हा शब्द मराठीत पोर्तुगीजांकडून आला. त्यांचा शब्द 'कार्तुशो'. त्याच्या मागे इटालियन शब्द आहे आणि त्याच्याही मुळाशी 'कार्ता', म्हणजे कागद. काडतूस म्हणजे मुळात कागदाची सुरळी! दारू आणि गोळी कागदात गुंडाळायची, वेळ आली की तो कागद दातांनी फाडायचा, दारू नळीत ओतायची. 1857 साली ज्या काडतुसांवरून भडका उडाला तीही कागदाचीच होती. आता लक्षात घ्या, कागदाचं काडतूस वापरलं की मागे काय उरतं? काहीच नाही, राख आणि चिंध्या. म्हणून 1857 च्या काडतुसांची पेनं कुठे मिळत नाहीत. पुंगळी उरायला काडतूस धातूचं व्हावं लागलं.

हा बदल इंग्रजी फौजेत 1866 च्या सुमारास झाला. आणि इथे गोष्ट एकदम पुण्यात येते. खडकीचा दारूगोळा कारखाना 1869 सालचा. पुढे 1880 च्या दशकाच्या अखेरीस .303 नावाचं प्रसिद्ध काडतूस आलं. खडकीच्या .303 पुंगळीच्या बुडावर इंग्रजी 'के' आणि 'एफ' ही अक्षरं ठोकलेली असत : किरकी फॅक्टरी. शिक्का म्हणजे पुंगळीचं जन्मगावच. आज कुठल्याही देशात ही अक्षरं असलेली पुंगळी सापडली, तर ती आपल्या खडकीची लेक समजायला हरकत नाही.

आता थोडं पितळेबद्दल. तांबं 70 टक्के, जस्त 30 टक्के. हे प्रमाण काडतुसासाठी ठरून गेलेलं आहे. त्याला कारण आहे. बार उडतो त्या क्षणी पुंगळीची भिंत फुगते आणि बंदुकीच्या घराला घट्ट चिकटते, त्यामुळे तापलेला वायू शिपायाच्या तोंडावर येत नाही. पुढच्या क्षणी तीच भिंत किंचित आक्रसते, म्हणून पुंगळी ओढून बाहेर काढता येते. लोखंड गंजतं, नुसतं तांबं मऊ पडतं. पितळ फुगतंही आणि सावरतंही. कारखान्यात पितळेच्या पत्र्याची आधी वाटी करतात, मग ती साच्यांतून ओढत ओढत लांब करतात आणि मधूनमधून तापवून नरम करतात, नाहीतर ती तडकते. आपल्या तांबट आळीत ठोकून कडक झालेलं भांडं पुन्हा भट्टीत घालतात, त्यातलंच हे शास्त्र.

म्हणजे युद्धभूमीवर शिपायाच्या पायाशी काय पडत होतं? उत्तम पितळेची, एका बाजूने बंद, दुसऱ्या बाजूला निमुळती, एका मापाची तयार नळी. .303 ची पुंगळी 56 मिलिमीटर लांब. तिच्या तोंडात बसणारी गोळी सुमारे 7.9 मिलिमीटर जाडीची. आपली शिसपेन्सिल साधारण 7 मिलिमीटरची. हिशेब तुमच्या ध्यानात आला असेल. पेन्सिलीचा तुकडा त्या तोंडात जवळजवळ मापाने बसतो. लेखणीची कल्पना कुणा कवीला सुचण्याआधी धातूच्या मापातच ती होती.

आता पहिली गोष्ट. ऑक्टोबर 1914. इंग्लंडच्या राजाची मुलगी मेरी, वय वर्षं 17. तिच्या नावाने निधी उघडला गेला : आघाडीवरच्या प्रत्येकाला नाताळची भेट द्यायची. लोकांनी 1 लाख 62 हजार पौंडांहून अधिक रक्कम दिली. सुमारे 5 इंच लांबीचा पितळी डबा ठरला. विडी ओढणाऱ्यांना तंबाखू आणि सिगरेटी, न ओढणाऱ्यांना गोळ्या आणि लिहिण्याचं साहित्य. आणि काही डब्यांत .303 च्या पुंगळीत बसवलेली पेन्सिल. वरची टोपी चांदीची, गोळीच्या आकाराची. ती उपसायची, उलटी करून पुंगळीत खोचायची, की पेन्सिल तयार.

ही लेखणी सैनिकाने केलेली नव्हती, ती लंडनहून आली होती. आघाडीचा माणूस ज्या वस्तूने मारत होता, तीच त्याला चांदी लावून भेट म्हणून परत आली. पितळ इतकं दुर्मीळ होतं की डब्यांसाठी अमेरिकेतून पत्रा मागवावा लागला आणि त्यातला काही टन माल मे 1915 मध्ये लुसितानिया जहाजाबरोबर समुद्रात गेला. काडतुसाला पितळ आधी, डब्याला नंतर.

आणि हिंदी सैनिकांच्या डब्यात काय होतं? गुरख्यांना गोऱ्या शिपायांसारखंच. शिखांना खडीसाखर आणि मसाल्याची डबी. बाकीच्या हिंदी शिपायांना सिगरेटी, खडीसाखर आणि मसाला. पाणी वाहणाऱ्या भिश्तींना मसाल्याची डबी. धर्म आणि खाणंपिणं यांचा विचार केला होता हे खरं, त्याबद्दल श्रेय द्यायला हवं. पण यादी पुन्हा वाचा. जिभेची सोय होती, लिहिण्याची नव्हती.

देणाऱ्यांचा हिशेब कसा झाला असेल तेही पाहू. 1911 च्या जनगणनेत हिंदुस्थानात शंभरातली जेमतेम सहा माणसं साक्षर होती. पुष्कळ शिपाई लिहिणाऱ्या सोबत्याकडून पत्रं लिहून घेत. पण पत्रं जात होती! फ्रान्समधून इतकी पत्रं गेली की ती उघडून वाचायला, भाषांतर करायला सरकारला खास सेन्सॉरचं खातं उभारावं लागलं. म्हणजे पाहा, ज्याला लेखणीची गरज नाही असं यादीने ठरवलं, त्याचं लिहिणं वाचायला सरकारने माणसं नेमली होती.

दुसरी गोष्ट सैनिकाच्या हातच्या लेखणीची. अशा वस्तूंना इंग्रजीत 'ट्रेंच आर्ट' म्हणतात, म्हणजे खंदकातली कला. नाव फसवं आहे. खंदकात हातोडी ठोकणं म्हणजे पलीकडच्याला आपला ठावठिकाणा सांगणं! बहुतेक काम मागच्या तळांवर झालं. लोहारकामाच्या तंबूत, दुरुस्तीच्या कारखान्यात, इस्पितळात बरं होत असलेल्या जखमींच्या खाटेवर. जिथे ऐरण, कानस आणि रिकामा वेळ होता तिथे. निकोलस सॉन्डर्स या मानववंशशास्त्रज्ञाने या वस्तूंचा अभ्यास करताना सैनिक, युद्धकैदी आणि नागरिक असे करणारे वेगळे काढले. आम्हाला ही विभागणी फार उपयोगी वाटते, कारण तीत सौंदर्याआधी माणूस येतो.

फ्रेंच सैनिक या कामात पटाईत होते. त्यालाही धातूचंच कारण आहे. इंग्रजी आणि जर्मन गोळीत वर कडक कवच आणि आत शिसं. फ्रेंच लेबेल बंदुकीची 1898 ची गोळी मात्र भरीव. तांब्याजस्ताच्या मिश्रणाची, आत शिसं नाही. ती कापा, भोक पाडा, कानस चालवा, सुबकच राहते. म्हणून फ्रेंच टाक पुष्कळ मिळतात. मधे पुंगळ्यांचा दांडा, टोकाला गोळी, गोळीत खाच, खाचेत निब. दौतीत बुडवायचा आणि घरी पत्र लिहायचं. दोन पुंगळ्या तोंडाला तोंड लावून जोडल्या आणि पुढे गोळीचं टोक ठेवलं की लांबी हातात धरण्याजोगी होते. .303 चंच गणित करा : अख्खं काडतूस 78 मिलिमीटर, त्यावर दुसरी पुंगळी 56. बेरीज 134. तुमच्या खिशातलं पेन मोजून बघा, फार फरक पडणार नाही.

हे पितळ कायद्याने सरकारी मालमत्ता होतं. रिकामं झालं तरी गोळा करून परत पाठवायचं. म्हणजे प्रत्येक टाकामागे थोडी चोरी होती, आणि तिच्याकडे काणाडोळा करणारा एखादा साहेबही होता. आपली माणसं तिथे होतीच. खडकीच्या सॅपर्स अँड मायनर्सच्या 20 आणि 21 क्रमांकाच्या कंपन्या ऑक्टोबर 1914 मध्ये न्यव्ह शापेलला लढल्या. सुतारकाम, लोहारकाम जाणणारी ही पलटण. ज्या गावात काडतूस बनत होतं त्याच गावची माणसं ते झेलायला आणि झाडायला फ्रान्समध्ये उभी होती.

तिसरी गोष्ट युद्धानंतरची, आणि जरा कडू. 1918 नंतर बेल्जियम आणि उत्तर फ्रान्समधली उद्ध्वस्त गावं परत वसू लागली. शेतात नांगर घातला की पितळ वर येई. तेवढ्यात परदेशातून लोक येऊ लागले : मुलाची कबर पाहायला आई, नवऱ्याची जागा शोधत बायको. त्यांना काहीतरी बरोबर न्यायचं असे. मग गावकऱ्यांनी पुंगळ्यांचे टाक, क्रूस, पत्र उघडायच्या सुऱ्या करून विकल्या. ज्याचं घर पडलं त्याने, ज्याचा मुलगा गेला त्याला, त्याच पितळेची वस्तू विकली. याला बाजार म्हणायचं की सांत्वन? आमच्या मते दोन्ही, आणि दोघांनाही त्याची गरज होती. त्यामुळे 'हा टाक खंदकात बनला' असं कोणी छातीठोक सांगू लागला, तर जरा दमाने घ्यावं.

चौथी गोष्ट आजची. आता टाक गेला, बॉलपेन आलं. हौशी कारागीर लेथवर पुंगळी धरतात, ठिणगीची वापरलेली टोपी काढून टाकतात, बुडाला भोक पाडतात, आत पितळेची बारीक नळी बसवून तीत रिफिल घालतात. गोळी वापरायची तर शिशाची भुकटी अंगावर येते, म्हणून जाणते लोक भरीव तांब्याची गोळी घेतात. जिवंत काडतुसाला तर कोणी हातही लावत नाही. अमेरिकेत सैनिकाच्या अंत्यविधीत बहुधा सात बंदुकांच्या तीन फैरी झाडतात. त्यांतल्या पुंगळ्या घरच्यांना देतात आणि काहीजण त्यांची पेनं करून घेतात. त्या पुंगळीतून गोळी सुटलेलीच नसते, नुसता आवाज. हे तर कुणालाही न मारलेलं पितळ! आपल्याकडे मानवंदनेच्या पुंगळ्या मोजून परत जमा होतात. सरकारचं पितळ अजूनही सरकारचंच आहे.

आता हे सगळं तुम्हाला का सांगितलं? सातारा, रत्नागिरीकडच्या काही गावांत अजून संगमरवरी पाट्या दिसतात. 1914 ते 1919 च्या महायुद्धात या गावातून इतके गेले, त्यांतले इतके कामी आले. आकडे आहेत, नावं नाहीत. या पाट्यांवर सरकारने मोजलं, पण लिहिलं नाही. मग गावात नाव कुठे उरलं? उरलं असेल तर घरच्या पेटीत, एखाद्या बिल्ल्याच्या कडेवर, कुणी जपलेल्या पितळी तुकड्यावर.

म्हणून शेवटी एक विनंती. घरात अशी वस्तू निघाली तर आधी ती खरंच रिकामी आहे ना ते लांबूनच पाहा. शंका आली तर हात न लावता पोलिसांना कळवा. रिकामी असेल तर चिंच लावून लखलखीत घासू नका. त्या काळपटपणात आणि कानशीच्या ओरखड्यांत करणाऱ्याचा हात दिसतो. मोडीत तर अजिबात घालू नका, पितळेचा भाव काय तो किलोला मिळेल. बुडाचा शिक्का वाचा, फोटो काढा आणि घरातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या माणसाला विचारा : हे कोणी आणलं? जे उत्तर मिळेल ते त्याच दिवशी, नावासकट, कागदावर उतरवा. हे लिहायला साधं बॉलपेनही पुरतं.