लिव्र दार्तीस्त

आधुनिक चित्रकाराने स्वतः घडवलेल्या मुद्राचित्रांचा आणि मोजक्याच क्रमांकित प्रतींत प्रसिद्ध होणारा ग्रंथ. ‘चित्रकाराचा ग्रंथ’ अशा अर्थाच्या फ्रेंच नावाने ओळखला जाणारा हा प्रकार विसाव्या शतकाच्या आरंभी पॅरिसमध्ये बहरला. त्यातील चित्रे यांत्रिक प्रतिकृती नसतात. लाकडी ठोकळा कोरून (काष्ठमुद्रण), मेणाचा थर दिलेल्या धातूच्या पत्र्यावर सुईने रेखाटून त्या रेषा अम्लाने खोल करून (अम्लरेखन) किंवा दगडावर तेलकट खडूने चित्र काढून (शिलामुद्रण) त्यांचे ठसे घेतात.

कलाविक्रेते आंब्र्वाझ व्होलार यांनी 1900 मध्ये पॉल व्हेर्लेन यांचा ‘पारालेलमां’ हा काव्यसंग्रह प्येर बॉनार यांच्या शिलामुद्रांसह काढला. त्यातील गुलाबी रेखाटने चौकटीत न राहता समासात आणि कवितेभोवती पसरत असल्याने चित्र हे मजकुराची सजावट न राहता पानाचा समान भागीदार झाले, परंतु परंपराप्रिय ग्रंथसंग्राहकांना हा प्रयोग रुचला नाही. पुढे कलाविक्रेते कानवायलर यांनी गियोम आपोलिनेर यांचे पहिले पुस्तक 1909 मध्ये आंद्रे दरँ यांच्या काष्ठमुद्रांसह प्रकाशित करून समकालीन कवी आणि चित्रकार यांची सांगड घातली.

आल्बेर स्कीरा यांनी 1932 मध्ये काढलेल्या मालार्मे यांच्या कवितांसाठी आंरी मातीस यांनी 29 अम्लरेखने केली. छटा न देता ओढलेल्या एकसारख्या बारीक रेषांमुळे चित्राचे पान जवळजवळ पांढरेच राहते आणि समोरच्या छापील पानाच्या काळेपणाशी त्याचा तोल साधला जातो. तेरियाद यांनी 1947 मध्ये प्रकाशित केलेल्या ‘जाझ’मध्ये मातीस यांनी रंगवलेले कागद कात्रीने कापून रचलेल्या आकृत्या साच्यांच्या आधारे हाताने रंग भरून छापल्या आहेत आणि त्यांच्यामध्ये डोळ्यांना विसावा मिळावा म्हणून मातीस यांच्याच ठळक हस्ताक्षरातील मजकूर योजला आहे.

असे ग्रंथ पुष्कळदा न बांधलेल्या घड्यांच्या स्वरूपात पेटीत ठेवून विकले जात; त्यामुळे चित्रे सुटी करून विकणे सोपे झाले आणि अनेक प्रती विस्कळीत झाल्या. पाने उलटताना उलगडणारा मजकूर, चित्र आणि कोरी जागा यांचा क्रम हाच या कलेचा प्राण असल्याने सुटे चित्र कितीही सुंदर असले तरी ते अखंड प्रतीची जागा घेऊ शकत नाही.