तिखट आहे, तरी घ्या!

आज आमच्या बडोद्याची एक पाटी आणि आणंदची एक पोरगी, दोघींची गोष्ट सांगतो.

माझे काका पेंटर होते. चित्रकार नव्हे, पेंटर. दांडिया बाजारात त्यांचं लहानसं दुकान होतं. दुकानांच्या पाट्या, ट्रकच्या मागची अक्षरं, निवडणुकीच्या भिंती, गणपतीच्या आराशीचे पडदे, जे येईल ते काम. देवनागरी, गुजराती, इंग्रजी, तिन्ही लिप्यांत हात सारखाच चालायचा. खडू लावलेली सुतळी ताणून ते भिंतीवर टणकन ओळ मारायचे. तो आवाज अजून कानात आहे.

१९७८-७९ च्या सुमारास एका मराठी सेव-उसळवाल्यानं त्यांना गाडीसाठी पाटी करायला सांगितली. बडोद्याची सेव-उसळ म्हणजे काय ते बडोदेकरांना सांगायला नको. बाकीच्यांसाठी एवढंच, की तिच्यावर जो लाल झणझणीत रस्सा ओततात, त्याला आम्ही तरी म्हणतो. काकांनी लिहिलं, ‘तिखट आहे, तरी घ्या!’

मराठी गिऱ्हाईक खूश झालं. लोक मुद्दाम थांबून वाचायचे, हसायचे. पण गाडीवर निम्म्याहून जास्त गिऱ्हाईक गुजराती. ते विचारायचे, ‘भाई, आ शुं लख्युं छे?’ गाडीवाल्यानं चार दिवस समजावलं, पाचव्या दिवशी पाटी परत घेऊन आला. म्हणाला, ‘पेंटरकाका, विनोद समजावून सांगेपर्यंत उसळ थंड होते.’

काका रागावले नाहीत. पाटी पुसली आणि दोन दिवस नुसती समोर ठेवून बसले. मग गुजरातीत लिहिलं, ‘आपनी सेवामां हाजर’. त्यातलं ‘सेव’ तेवढं मोठं, लाल रंगात. बाकी अक्षरं लहान, काळी. मराठी माणूस हसला, गुजराती माणूसही हसला. ती पाटी त्या गाडीवर बरीच वर्षं होती.

ही युक्ती त्यांनी कुठून उचलली, हे ते मोकळेपणानं सांगायचे. ‘आपल्या शेजारच्या आणंदच्या पोरीकडून.’ म्हणजे अमूलच्या मुलीकडून.

आता जरा इतिहास. आणंद आमच्यापासून चाळीसेक किलोमीटर. १९४६ साली खेडा जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांनी पोल्सन कंपनीच्या मक्तेदारीविरुद्ध दूध बंद केलं आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात त्यांचा सहकारी संघ नोंदवला गेला. त्रिभुवनदास पटेल अध्यक्ष. १९४९ साली व्हर्गीस कुरियन आणंदला आले आणि तिथलेच झाले. पुढं संघानं अमूल नावानं लोणी, म्हणजे बटर, बाजारात आणलं, पण ते सुरुवातीला मुंबईकरांच्या जिभेला रुचेना. पोल्सनचं लोणी साठवून आंबलेल्या सायीचं, खारट, पिवळं. अमूलचं ताज्या सायीचं, म्हशीच्या दुधाचं, म्हणून पांढरं आणि लोकांच्या मते बेचव. शेवटी त्यांनाही मीठ आणि रंग घालावा लागला. कुरियन यांनी स्वतःच आत्मचरित्रात हे सांगितलंय.

चव जमली, पण जाहिराती रुक्षच राहिल्या. १९६६ साली हे काम मुंबईच्या ‘ॲडव्हर्टायझिंग अँड सेल्स प्रमोशन’ या एजन्सीकडे गेलं. तिचे प्रमुख सिल्व्हेस्टर दा कुन्हा, मूळच्या गोवेकर घराण्यातले. कलादिग्दर्शक युस्टेस फर्नांडिस. पोल्सनच्या जाहिरातीत एक मुलगी होती, तिला उत्तर म्हणून यांनी आपली मुलगी काढली. ठिपक्यांचा फ्रॉक, निळे केस, वर बांधलेली छोटी शेंडी, गोबरे गाल. ‘अटर्ली बटर्ली’ मधलं ‘बटर्ली’ सुचवलं ते दा कुन्हांच्या पत्नी निशा यांनी. इंग्रजी शब्दकोशात हा शब्द नाही. पण कानाला तो लगेच पटतो.

कुरियन यांची अट साधी होती. मुलगी लक्षात राहणारी हवी आणि काढायला सोपी हवी. कारण त्या काळी होर्डिंग हातानं रंगवायचे आणि ते सारखे बदलायचे होते.

काका या अटीवर फिदा होते. ‘ज्यानं हे सांगितलं, त्याला पेंटरची पाठ किती दुखते ते ठाऊक होतं,’ म्हणायचे. मे महिन्यात आम्ही गिरगावात आत्याकडे जायचो, तेव्हा ते होर्डिंगसमोर उभे राहून मला दाखवायचे. ‘बघ, रंग किती थोडे. सावली नाही. चौकटी आखून घेतल्या की कुठलाही पेंटर झटपट उतरवील. आणि तिला नाक नाहीये, बघितलंस? नाक नाही, पण बोलते मात्र सगळ्यांच्या नाकावर टिच्चून!’

खरंच टिच्चून. सुरुवातीला ती घोड्यावर बसून आली, ‘थरोब्रेड’ म्हणत. जातिवंत घोड्याला इंग्रजीत जे म्हणतात, त्यातच पाव घुसवलेला. पुढं जाहिराती ताज्या घडामोडींवर बोलायला लागल्या. १९६९ साली मुंबईत हरे राम हरे कृष्णची लाट आली, तेव्हा ‘हरी अमूल, हरी हरी’. इंग्रजी वाचलं तर घाई करा, आपलं वाचलं तर नामस्मरण. कलकत्त्यात मोर्च्यांच्या घोषणा उचलून ‘अमूल बटरशिवाय पाव? चोलबे ना, चोलबे ना!’ १९७६ साली, आणीबाणीत नसबंदीची सक्ती चालू असताना, पोरगी नर्सच्या वेषात बटरचा ट्रे घेऊन उभी. म्हणे, आम्ही तर सक्तीचं स्टरिलायझेशन पहिल्यापासूनच करतोय! भल्याभल्यांची तोंडं बंद होती, तेव्हा ही होर्डिंगवरून बोलत होती.

हे जमलं कसं? एक तर कुरियन यांनी एजन्सीला मोकळीक दिली होती. जाहिरात लावण्याआधी मंजुरीला पाठवायची नाही. मंजुरीची वाट बघत बसलं तर बातमी शिळी होते. दुसरं कारण मला आता कळतं. हा विनोद एका भाषेत राहणाऱ्या माणसाचा नव्हता. घरात एक, शाळेत दुसरी, रस्त्यावर तिसरी भाषा बोलणाऱ्यांचा होता. दोन शब्द एकमेकांवर आपटले की ठिणगी पडते, ती त्यांना रोज दिसत होती.

इथं आमच्या घरचं एक दुखणं सांगतो. गिरगावातले आतोबा मराठीचे कडक भोक्ते. आम्ही ‘चल ने’ म्हटलं किंवा ‘भाजी सरस झालीये’ म्हटलं की ते कपाळाला आठ्या घालायचे. ‘तुम्हा बडोदेवाल्यांचं मराठी म्हणजे खिचडी!’ मला इतकी लाज वाटायची की सुट्टीभर मी त्यांच्यासमोर तोंडच उघडत नसे. काका नुसते हसायचे.

एका दिवाळीला आतोबा बडोद्याला आले आणि स्वतःच हसत सांगायला लागले, की मुंबईत गणपतीच्या दिवसांत अमूलनं लावलं होतं, ‘गणपती बाप्पा मोरे घ्या!’ मोरयाचं ‘मोर’, म्हणजे इंग्रजीतलं आणखी, आणि पुढं आपलं घ्या. सांगता सांगता त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं हसून. काकांनी पानाचा डबा पुढं केला आणि हळूच म्हणाले, ‘आतोबा, ही खिचडी चालते वाटतं तुम्हाला?’

आतोबा क्षणभर गप्प. मग म्हणाले, ‘वरून लोणी घातलंय ना, म्हणून.’

त्या दिवसानंतर त्यांनी मला कधी टोकलं नाही. मीही त्यांच्यासमोर बोलायला लागलो.

त्या जाहिरातीचं पुढं काय झालं, हे मला बऱ्याच वर्षांनी वाचायला मिळालं. शिवसेनेच्या लोकांनी जाहिरात काढा, नाहीतर ऑफिस फोडू, अशी धमकी दिल्याचं एजन्सीकडूनच सांगितलं गेलंय. मुलीला गांधी टोपी घातली, तेव्हा वरून दटावणी आली आणि होर्डिंग पुसावे लागले. इंडियन एअरलाइन्सवर विनोद केला, तर विमानात अमूल बटर बंद करू म्हणाले. कोणाला विनोद कळत नव्हता म्हणून पुसायला लावला, तर कोणाला नीट कळला म्हणून. काकांची पाटी पहिल्या कारणानं पुसली गेली. ते म्हणायचे, ‘पुसली म्हणून काय झालं, दुसरी लिहायची.’ त्या पोरीनंही तेच केलं.

पुढं एजन्सीत भरत दाभोळकर आले आणि ऐंशीच्या दशकात जाहिरातींत हिंग्लिशचा रंग आणखी गडद झाला. दा कुन्हांचे चिरंजीव राहुल यांनी नंतर सूत्रं घेतली. मुलीची चित्रं वर्षानुवर्षं काढत आले ते जयंत राणे. गोवेकर, मल्याळी, गुजराती, मराठी, इतक्या हातांतून ती पोरगी मोठी झाली. म्हणजे मोठी झालीच नाही, तीच तर गंमत!

फ्लेक्स आला आणि काकांचं काम संपलं. एका दुपारी छापून येणाऱ्या पाटीशी ब्रशनं काय झगडायचं? २००३ साली दुकान बंद केलं. त्यांना फ्लेक्सचा राग नव्हता. राग होता तो फ्लेक्सवर काय लिहितात त्याचा. ‘नुसते फोटो आणि हार्दिक शुभेच्छा. अरे, वाचणारा थांबेल असं एक तरी अक्षर लिहा!’

कुरियन २०१२ साली गेले. जून २०२३ मध्ये सिल्व्हेस्टर दा कुन्हा गेले, ती बातमी वाचली आणि मी माळ्यावरची काकांची ट्रंक काढली. वाळून कडक झालेले ब्रश, खडूची सुतळी, आणि एका वहीत चौकटी आखून काढलेली ती मुलगी. खाली काकांच्या वळणदार अक्षरात लिहिलेलं, ‘तिखट आहे, तरी घ्या’. पुसलेली पाटी त्यांनी वहीत जपून ठेवली होती.

मंडळी, तुमच्या बेळगावात, इंदुरात, ग्वाल्हेरात, मडगावात अशा दोन भाषांत हसवणाऱ्या पाट्या असतील, किंवा होत्या. आठवत असतील तर खाली नक्की लिहा. ज्यांनी त्या रंगवल्या, त्यांनी पाटीवर कधी आपलं नाव घातलं नाही.