घराचे दुखणे, बाईचे अंग

मराठीत स्त्रीच्या आजारपणाविषयी बोलताना तीन शब्दप्रयोग वारंवार कानी पडतात. दुखणे ती 'अंगावर काढते', तिच्या 'अंगावरून जाते' आणि तिच्या 'अंगात येते'. पहिल्यात सोशिकपणा आहे, दुसऱ्यात संकोच आहे, तिसऱ्यात दैवत आहे. मनाचा उल्लेख मात्र तिन्हींत नाही. मनावरचा भार स्त्रीने शरीराच्या नाहीतर श्रद्धेच्या भाषेत बोलून दाखवावा, ही रीत किती खोल रुजली आहे याची साक्ष भाषाच देते. आधुनिक वैद्यकाला ही भाषा ऐकू येण्यास पुष्कळ काळ लागला, आणि त्या ऐकण्याच्या इतिहासाचा एक महत्त्वाचा भाग बंगळूर येथे घडला.

बंगळूरच्या मनोरुग्णालयाची परंपरा एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मागे जाते. १९५४ साली त्याला जोडून अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्था स्थापन झाली. १९७४ मध्ये दोहोंच्या एकत्रीकरणातून 'निम्हान्स' उभी राहिली. या संस्थेत पुढे प्राध्यापक झालेले आर. एल. कपूर यांनी जी. एम. कार्स्टेअर्स यांच्यासमवेत कर्नाटकाच्या किनारपट्टीवरील कोटा या गावाचा अभ्यास केला होता. ताण, सामाजिक बदल आणि मानसिक विकार यांचा परस्परसंबंध शोधणारा त्यांचा ग्रंथ १९७६ साली प्रसिद्ध झाला. वैद्य, मांत्रिक आणि अंगात दैवत येणारा 'पात्री' या तिघांची त्यांनी तेथे नोंद घेतली. गावकरी त्यांच्याकडेही जात आणि डॉक्टरकडेही. दोहोंत विरोध आहे असे त्यांना वाटत नव्हते. विरोध दिसत होता तो बहुधा शहरातून आलेल्या सुशिक्षितांना.

अंगावरून पांढरे जाण्याची तक्रारही बराच काळ केवळ स्त्रीरोगतज्ज्ञांच्या खात्यात जमा होती. १९८८ साली निम्हान्सचे संतोष चतुर्वेदी यांनी या तक्रारीबरोबर येणारा थकवा, अंगदुखी आणि उदासी यांकडे मनोविकारशास्त्राच्या दृष्टीने पाहिले. पुढे गोव्यात विक्रम पटेल व त्यांचे सहकारी यांनी जवळपास २५०० स्त्रियांच्या पाहणीतून दाखवून दिले, की या तक्रारीचे नाते जंतुसंसर्गापेक्षा मनाच्या अस्वास्थ्याशी अधिक घट्ट आहे. शरीरातील सत्त्व झिरपून चालले आहे, असे त्या स्त्रिया सांगत होत्या. ते केवळ शरीराविषयीचे विधान नव्हते.

श्रद्धोपचारांकडे निम्हान्सच्या संशोधकांनी वळावे, हे या वाटेवरचे पुढचे पाऊल होते. आर. रघुराम आणि त्यांचे सहकारी यांनी तामिळनाडूतील मुथुस्वामींच्या मंदिरात राहावयास आलेल्या ३१ मनोरुग्णांचा अभ्यास केला. तो २००२ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये प्रसिद्ध झाला. तेथे औषध नव्हते, मारझोड नव्हती, पैसाही घेतला जात नव्हता. सरासरी ६ आठवड्यांच्या मुक्कामानंतर लक्षणांची तीव्रता सुमारे एक पंचमांशाने उतरलेली आढळली. अभ्यासकांनी याचे श्रेय चमत्काराला दिले नाही; धीर देणाऱ्या, न धमकावणाऱ्या परिसराला दिले. हा निष्कर्ष मोलाचा आहे. तथापि मोजपट्टी लावली गेली ती रुग्णांना. रुग्णाबरोबर कोण आले होते आणि त्या सोबतिणीचे काय झाले, हा प्रश्न त्या मोजपट्टीत मावणारा नव्हता.

तो प्रश्न विचारला गेला महाराष्ट्रात, फलटणला. महानुभावांची दक्षिणकाशी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या गावातील एका मंदिरात मनोरुग्णाला घेऊन कुटुंबे मुक्कामास येतात. मानववंशशास्त्रज्ञ विएदा स्कल्टन्स यांनी तेथील निरीक्षणे १९८७ साली 'मॅन' या नियतकालिकात मांडली. आजारी बहुधा मुलगा किंवा पती. त्याची शुश्रूषा करावयास आलेली आई किंवा पत्नी. आरतीच्या वेळी भान हरपते ते त्या सोबतिणीचे. तिच्या समजुतीप्रमाणे हे तिचे स्वतःचे दुखणे नसतेच. घरावरचे संकट माझ्यावर येवो, बाकीचे सुखरूप राहोत, असे मागणे तिने मागितलेले असते, आणि तिच्या अंगात जे उसळते ते त्या मागण्याचे फलित. घुमणे हा येथे उपचार कमी आणि आत्मसमर्पण अधिक आहे. स्कल्टन्स यांना त्यात बलिदानाचे रूप दिसले, आणि ते नाकारणे कठीण आहे.

महानुभाव वाङ्मयाच्या अभ्यासकाला येथे थबकावे लागते. चक्रधरांनी स्त्रियांना शिष्यत्व दिले, रजस्वलेचा विटाळ मानला नाही. आद्य मराठी कवयित्री म्हणून जिचा गौरव होतो ती महदाइसा त्यांच्याच परिवारातली. देवतांना परमेश्वराहून निराळ्या व गौण मानणाऱ्या पंथाच्या मंदिरात, क्षुद्र शक्ती परमेश्वरसन्निध अस्वस्थ होतात या भावनेने स्त्रिया घुमतात, यात तत्त्वज्ञानाशी सुसंगती शोधता येईल. परंतु 'लीळाचरित्रा'त प्रश्न विचारणारी, गुरूशी बोलणारी स्त्री आणि स्वतःसाठी काहीही न मागणारी ही स्त्री, यांच्यामधील सात शतकांत काय घडले, हे तत्त्वज्ञान सांगत नाही.

म्हणून श्रद्धास्थाने सरसकट बंद करावीत काय? ६ ऑगस्ट २००१ रोजी तामिळनाडूतील एरवाडी येथे दर्ग्याजवळच्या एका खाजगी आश्रयगृहाला आग लागली आणि साखळदंडाने बांधलेले २८ रुग्ण मृत्युमुखी पडले. त्यानंतर बंदीची मागणी होणे स्वाभाविक होते. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने साखळदंडास कोणत्याही रूपात मनाई केली. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने भूत उतरवण्याच्या नावाखालील मारहाण गुन्हा ठरवली. दोन्ही तरतुदी आवश्यकच होत्या. साखळी कायद्याला दिसते. फलटणच्या ओवरीत बसलेल्या आईने स्वखुशीने पत्करलेला भार कोणत्याही कलमात येत नाही. त्या मंदिराने तिला घरकामापासून काही आठवडे सुटका, इतर बायकांची सोबत आणि दुःखाला प्रतिष्ठा दिली, हेही खरे. दवाखान्याने तिला 'रुग्णाची नातेवाईक' एवढेच नाव दिले होते.

बंगळूरला २००९ साली निम्हान्समध्ये प्रसूतीनंतर मनोविकार जडलेल्या मातांसाठी स्वतंत्र कक्ष सुरू झाला. तेथे बाळाला आईपासून तोडत नाहीत. दोघे एकत्र दाखल होतात, आणि दुखणे कोणाचे ते केसपेपरवर स्पष्ट लिहिलेले असते. त्यांच्या सोबतीला घरातील एक स्त्री राहते.