‘चीट’ शब्दाची कुळकथा

‘चीट’ हा इंग्रजी शब्द जुगाराच्या अड्ड्यांत जन्मला असावा, असें त्याच्या आजच्या अर्थावरून वाटतें. वस्तुतः त्याचें कुळ राजदरबारी आहे. ‘एस्चीट’ या कायद्यांतील शब्दाचें तें झिजलेलें रूप होय. लॅटिनमध्यें ‘काडेरे’ म्हणजे पडणें. त्या धातूवरून जुन्या फ्रेंचमध्यें वांट्यास येणाऱ्या वारशास एक नांव मिळालें, आणि नॉर्मन राज्यकर्त्यांच्या भाषेंतून तें इंग्लंडांत आलें. आपल्या नित्य बोलण्यांतील ‘केस’ आणि ‘चान्स’ हे शब्दहि त्याच धातूचे वंशज आहेत.

१०६६ नंतर इंग्लंडांतील सर्व भूमि अखेर राजाची, इतर सारे तिचे केवळ धारक, अशी व्यवस्था झाली. धारक निर्वारस मेला किंवा घोर अपराधांत दोषी ठरला, म्हणजे त्याची जमीन वरिष्ठ सरदाराकडे वा राजाकडे ‘पडे’. अपराध्याची जमीन राजानें एक वर्ष व एक दिवसच ठेवावी आणि मग सरदारास द्यावी, असें कलम १२१५ च्या मॅग्ना कार्टामध्यें सरदारांनीं लिहून घेतलें. राजाचा हात किती चिवट होता, हें यावरून दिसतें. तेराव्या शतकापासून अशा जमिनींच्या चौकशीसाठीं ‘एस्चीटर’ नांवाचे अधिकारी नेमले जात. मयताची जमीन किती, वारस कोण, त्याचें वय काय, हें पंचांकरवीं ठरविणें हें त्यांचें काम. वारस आहे कीं नाहीं हा प्रश्न ज्यांच्यापुढें सुटावयाचा, त्यांच्याविषयीं प्रजेला प्रेम वाटावें हें कठीणच. त्यांचें नांव लोकांच्या तोंडीं ‘चीटर’ झालें.

परंतु अर्थ पालटला तो केवळ प्रजेच्या संतापानें, असें समजणें पुरेसें नाहीं. सोळाव्या शतकाच्या मध्यास द्यूतांतील लबाड्यांवर लिहिलेल्या एका पुस्तिकेंत निराळेंच कारण सांपडतें. भटकीं गुरें, बेवारशी माल इत्यादि जें जहागीरदाराकडे आपोआप येई, त्याला वकील ‘चीट’ म्हणत. तोच शब्द जुगाऱ्यांनीं आपल्या धंद्यास उसना घेतला. चोरानें सभ्य दिसावें म्हणून वकिलाचा झगा घातला! टॉमस हर्मननें १५६७ च्या पुस्तकांत नोंदलेल्या ठकांच्या सांकेतिक बोलींत तर टोपी हें एक ‘चीट’ आणि डुक्कर हेंहि एक ‘चीट’. शेक्सपिअरच्या ‘मेरी वाइव्ह्ज ऑफ विंडसर’मध्यें फॉल्स्टाफ दोन गृहिणींचा ‘चीटर’ होण्याची बढाई मारतो, तेव्हां अधिकारी व ठक हे दोन्ही अर्थ प्रेक्षकांस एकदमच ऐकूं येत असले पाहिजेत.

ठकांस हाच शब्द कां आवडला? जमीन ‘पडली’ असें म्हणतांच ती घेणारा हात दृष्टीआड होतो. क्रियापद अकर्मक झालें कीं कर्ता सुटला!

हाच व्याकरणाचा आडपडदा पुढें हिंदुस्थानांत आला. १८४८ मध्यें साताऱ्याचे शहाजी उर्फ आप्पासाहेब महाराज वारले. मृत्यूपूर्वीं त्यांनीं दत्तक घेतला होता. पण राज्याच्या वारशापुरता तो कंपनी सरकारनें अमान्य केला. १८५४ मध्यें नागपूर व झांशी यांचीहि तीच गति झाली. या धोरणास डलहौसीच्या काळीं नांव होतें ‘लॅप्स’. त्याचाहि लॅटिन मूलार्थ घसरणें, घसरून पडणें!

निर्वारस संपत्ति कोणी तरी सांभाळली पाहिजे, हें खरें. इंग्लंडनें अपराध्यांच्या जमिनी जप्त करण्याची रीत १८७० मध्यें आणि वारसाअभावीं होणारें ‘एस्चीट’ १९२५ च्या कायद्यानें बंद केलें. तरी बेवारशी मालमत्ता सरकारकडे जाण्याची सोय दुसऱ्या नांवानें राहिलीच. भारतीय संविधानाच्या २९६ व्या अनुच्छेदांत ‘एस्चीट’ व ‘लॅप्स’ हे दोन्ही शब्द शेजारी शेजारी आहेत. त्यांत अन्याय नाहीं. अन्याय सुरू होतो तो वारस असतां नाहीं म्हणण्यांत. मराठी व्याकरणांत ‘पडणें’ आणि ‘पाडणें’ हीं दोन क्रियापदें आहेत. कोणतीहि सत्ता ‘हें आमच्याकडे पडलें’ असें सांगूं लागली, तर तें पडलें कीं पाडलें, एवढें विचारावें. ‘चीट’ या शब्दाचा सारा इतिहास त्या एका काना-फरकांत सांठलेला आहे.