बूस्टर क्लब
बूस्टर क्लब : अमेरिकेतील शाळांमध्ये एखादा खेळाचा संघ, वाद्यवृंद किंवा नाटकमंडळ चालते राहावे म्हणून पालक व हितचिंतकांनी स्थापलेली, निधी जमवणारी संस्था. पालक-शिक्षक संघ साऱ्या शाळेचा असतो. बूस्टर क्लब बहुधा एकाच उपक्रमाचा. त्यामुळे एकाच हायस्कुलात फुटबॉल, बेसबॉल, बँड आणि वादविवाद यांचे क्लब शेजारी शेजारी, कधी कुरकुरत, नांदतात.

निधी जमवण्याचे मार्ग घरगुती असतात : सामन्यांच्या वेळी खाण्याचा स्टॉल, केक-कुकीजची विक्री, गाड्या धुणे, चॉकलेटे, रॅफल, मैदानाच्या कुंपणावर दुकानदारांच्या जाहिराती. बँडचे क्लब तर स्वतःच स्पर्धा भरवतात. परगावचे बँड पालकांसह आले की तिकिटे आणि खाणे यांवर गल्ला जमतो. पैसा गणवेश, वाद्ये, प्रवास यांत जातो. चुरस मैदानाइतकीच वर्गणीतही असते, कारण गाव तेच, दुकानदार तेच, चॉकलेट घेणारे आजी-आजोबाही तेच. म्हणून अनेक शाळा कोणी कधी काय विकायचे याचे वेळापत्रकच आखून देतात. हिशेब बहुतेक वेळा एकाच हौशी खजिनदाराच्या हाती असतो, आणि अफरातफरीच्या बातम्या येतात त्याही तिथूनच.

खरा पेच ‘आपला तो बाब्या’ या वृत्तीतून उद्भवतो. शिक्षणात लिंगभेदाला मनाई करणारा टायटल नाइन हा कायदा 1972 चा. फ्लोरिडातील मेरिट आयलंड हायस्कुलात मुलांच्या बेसबॉल मैदानावर प्रकाशझोत आणि इलेक्ट्रॉनिक गुणफलक होते. मुलींच्या सॉफ्टबॉल मैदानावर नव्हते. टायटल नाइनखालील खटल्यात, मुलांच्या सोयी बूस्टर क्लबाच्या पैशातून झाल्या, हा शाळामंडळाचा बचाव संघीय न्यायालयाने 1997 मध्ये फेटाळला : पैसा कुणाचाही असो, समतोलाची जबाबदारी मंडळाची. त्यावर मंडळाने मुलांच्याच काही सोयी बंद ठेवण्याचा तोडगा पुढे केला. तो न्यायालयाला रुचला नाही, हे सांगायला नकोच.

करमाफीचा प्रश्न याहून सूक्ष्म आहे. धर्मादाय संस्था म्हणून क्लबाला माफी मिळते. पण जो पालक जितके विकेल तितकी सूट त्याच्याच मुलाच्या शुल्कात, अशी पद्धत ठेवली तर तो खाजगी लाभ ठरतो. व्हर्जिनियातील कॅपिटल जिम्नॅस्टिक्स बूस्टर क्लब (हा शाळेचा नव्हे, पण दाखला सर्वांनाच लागू) याच कारणाने 2013 मध्ये कर-न्यायालयात हरला. राबणाऱ्या पालकाला हा निर्णय अन्यायाचा वाटतो : ज्याने एकही डबा विकला नाही, त्याच्या मुलालाही तेवढाच वाटा कसा? ‘खाजगी’ आणि ‘सार्वजनिक’ यांतली रेघ कायदा नेमकी तिथेच ओढतो.

कॅलिफोर्नियात 1978 च्या ‘प्रपोझिशन 13’ने मालमत्ताकराला लगाम घातला आणि शाळा पालकांच्या, म्हणजे बूस्टर क्लबांच्याही, पैशावर अधिक विसंबू लागल्या. तेथील सर्वोच्च न्यायालयाने 1984 मध्ये अभ्यासेतर उपक्रमांसाठीही शुल्क घेण्यास मनाई केली. तरी वसुली चालूच राहिल्याने 2012 मध्ये विद्यार्थिशुल्काविरुद्ध स्वतंत्र कायदा करावा लागला. आता पालकांना जाणाऱ्या पत्रांत ‘देणगी ऐच्छिक आहे’ असे छापतात. अपेक्षित रक्कमही बहुधा त्याच पत्रात असते.